नुसतं जगायला लागणारी साखर

सोमवार, ४ मार्च

मोठ्या टाकीची तारीख ठरली. याच महिन्याची अखेर. साहेबांनी बैठकीत जाहीर करून टाकलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जमेल ना?" हा काही प्रश्न नव्हता, पण मी मान डोलावली. पलीकडच्या कंपनीची माणसं येणार, टाकी भरताना समोर उभी राहणार. त्यांच्या हातात मी काढलेला आकडा आहे: शंभर किलो साखर घातली की सत्तर किलो आम्ल. तेवढं आलं तर ते आमचा जंतू घेणार, त्या आम्लापासून मातीत कुजणारं प्लास्टिक करणार, आणि आम्ही सगळे नोकरीत राहणार. नाही आलं तर? साहेब म्हणाले, "तर आपल्याला नव्याने विचार करावा लागेल." नव्याने विचार म्हणजे काय ते न कळण्याइतकं कोणी कुक्कुलं बाळ नाही.

अडचण एवढीच की लहान टाकीत सत्तर येत नाहीत. तीस येतात. माझं संगणकातलं मॉडेल सत्तर म्हणतं, टाकी तीस म्हणते, आणि दोघांपैकी एकानेही माघार घेतलेली नाही. दिवसभर माझं बूड खुर्चीला टेकलं नाही. शेवटी टाकी सांभाळणारी इंजिनिअर, म्हणजे आमची टाकीवाली, म्हणाली, "अगं, तुझ्या खुर्चीत काही चावतंय का?"

घरी आल्यावर नवऱ्याला नेहमीप्रमाणे विचारलं, आज किती झालं? त्याचं पक्ष्यांच्या पुस्तकाचं काम आहे, चित्रं त्याची. म्हणाला, "बगळ्याचा पाय." मी म्हटलं, एकच? म्हणाला, "दुसरा तो वर घेऊन उभा असतो." हसले खरी, पण दिवसभर घरी असून एक पाय!

बुधवार, ६ मार्च

सासऱ्यांनी आज पुन्हा विचारलं, तू तिकडे नक्की करतेस काय. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते बाहेरच्या खोलीत पडून असतात आणि आल्यागेल्याची उलटतपासणी घेतात. जन्मभर शाळेत कवायत शिकवली, त्यामुळे प्रश्नही हुकूम दिल्यासारखे येतात.

मी समजावलं. बाबा, जंतूच्या पोटात हजारो लहानलहान क्रिया चालतात. साखरेचं हे होतं, त्याचं ते होतं. त्या सगळ्या आम्ही संगणकात मांडल्या आहेत. मग संगणकाला सांगायचं, एवढी साखर घे आणि जमेल तेवढं वाढून दाखव. तो सांगतो, जंतू कुठल्या वाटेने जाईल. आमचा एक सहकारी, ज्याला आम्ही कात्री म्हणतो, तो जंतूची जनुकं कापून काही वाटा बंद करतो. वाटा अशा हिशेबाने बंद केल्या आहेत की आम्ल बाहेर टाकल्याशिवाय जंतूला वाढताच येणार नाही.

"म्हणजे त्याला कोंडीत पकडलाय."

"हो, तसंच."

"आणि त्याला कळतं का गं, कोण खायला घालतंय ते?"

मी म्हटलं, बाबा, ते जंतू आहेत. ते म्हणाले, "मग ठीक आहे," आणि कुशीवर वळवायला मुलाला हाक मारली. हा ओला कुंचला हातात घेऊनच आला, तो दातात धरला आणि वडिलांना वळवलं. तेवढ्यात आमच्या लेकीने, चिंगीने, आतून शी झाल्याचं जाहीर केलं. तीन वर्षांची झाली तरी या बातम्या ती पूर्ण आवाजात देते. मी उठणार होते, पण लॅपटॉपवर गणित चालू होतं आणि हा आधीच निघाला होता.

शुक्रवार, ८ मार्च

साखर जाते कुठे? तीस किलो आम्ल झालं, थोड्या साखरेचे नवे जंतू झाले. बाकीची? साखर हरवत नाही, कुठल्या ना कुठल्या रूपाने बाहेर येतेच.

आधी मी खापर गॅस मोजणाऱ्या यंत्रावर फोडलं. टाकीवालीने ते माझ्यादेखत तपासलं, ठणठणीत निघालं. मग टाकी गळते का विचारलं. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. मग मी कात्रीकडे गेले, म्हटलं तुझा जंतू फितूर झाला असेल, बंद केलेली वाट त्याने पुन्हा उघडली असेल. त्याने नमुने तपासून दाखवले. सगळ्या वाटा बंद. "जंतू माझा शहाण्यासारखा वागतोय," म्हणाला, "तूच काहीतरी विसरलीस."

साखर हवेवाटे बाहेर पडते आहे, एवढं कळलं. जंतू ती जाळतोय. वाढत नाही, आम्ल करत नाही, नुसती जाळतोय. कशासाठी? डोक्याला भुंगा लागलाय.

घरी आले तर नवरा दारासमोर गाडीत बसलेला. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. मला वाटलं कुठे निघाला. काचेवर टकटक केलं तर दचकला. "नाही, आलोय," म्हणाला, "औषधं आणायला गेलो होतो." पिशवी मांडीवरच होती. मी म्हटलं, मग आत चल की. "हो, चल," म्हणाला. उतरायला मात्र त्याला वेळ लागला. आत चिंगी शेजारच्या काकूंजवळ बसून केळं कुस्करत होती, आणि बाबा "दहा मिनिटांत येतो म्हणाला होता" असं घड्याळाला ऐकवत होते.

सोमवार, ११ मार्च

आज एक केलं, ते लिहून ठेवते. मॉडेलमध्ये मी एक खोटी क्रिया घातली. नाव दिलं 'गळती'. साखर आत येते, हवा होऊन बाहेर जाते, मध्ये काही घडत नाही. अशी क्रिया जंतूच्या पोटात नाही, हे मला ठाऊक आहे. पण ती घातल्याबरोबर लहान टाकीचे आकडे तंतोतंत जुळले. वर टीप लिहिली की गळती लहान टाकीपुरती आहे, मोठ्या टाकीत ती नसेल. का नसेल? कारण तशी मी ती धरली नाही. मोठ्या टाकीचे सत्तर शाबूत.

साहेबांना आलेख दाखवला. खूश झाले. "हेच हवं होतं," म्हणाले, "बघ, रेघ ठिपक्यांवरून कशी गेली." गेलीच, मी ओढून नेली होती. ते इतके खूश होते की मला पुढे बोलता आलं नाही. बोलायचं होतं का, तेही नक्की नाही. या मजल्यावर आठ माणसं आहेत. टाकीवालीची आई तिच्याकडे असते. कात्रीचं लग्न ठरलंय.

बसने न येता चालत आले. पाय थांबेनात.

गुरुवार, १४ मार्च

पुस्तकातले सहा पक्षी अजून राहिलेत. गेल्या महिन्यातही सहाच राहिले होते. काल न राहवून मी याच्यासाठी वेळापत्रक करून दिलं. माझा धंदाच तो आहे, वेळ आणि कामं यांची मांडणी. बाबांची अंघोळ, बाबांचा व्यायाम, चिंगीचं खाणं, स्वयंपाक, कपडे, औषधं, सगळं मांडलं, प्रत्येकाला वाजवी वेळ दिला. तरी रोज चार तास निघतात. सहज! मी त्याला दाखवलं. त्याने वाचलं, दोनदा वाचलं.

"छान केलंयस," म्हणाला.

"मग? जमेल ना?"

"यावरून तरी जमायला हवं."

त्याने ते फ्रिजवर लावलं. मला बरं वाटलं, निदान घरातलं एक गणित सुटलं. आज फोन करून विचारलं, चार तास मिळाले का? म्हणाला, बाबांनी सूप अंगावर सांडलं. मी म्हटलं, हो पण ते वगळून?

शनिवार, १६ मार्च

नवरा सकाळी चांगला शर्ट घालून बाहेर पडला, चित्रांची मोठी पिशवी खांद्याला. प्रकाशकांकडे जाऊन येतो म्हणाला. मी घरी आहे. सगळं वेळापत्रकाप्रमाणे करायचं ठरवलंय. मधल्या वेळात गळतीचा विचार करीन. खरं तर त्या क्रियेचा

बाबांना उशी हवी होती. तर त्या क्रियेचा मला राग येतो, कारण ती

उशी नको, दुसरी उशी. चिंगीने फरशीवर पाणी ओतून त्यात मोजे पोहायला सोडलेत.

पुन्हा बसले. बाबांची गोळी दिली. ती जेवणाआधीची होती की नंतरची? फोन केला, याने उचलला नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी सापडली, नंतरची होती. त्यांनी काही खाल्लंच नाही आता, तोंड कडू झालं म्हणतात. चिंगीने खाल्लं आणि ओकली. पलंगाची चादर बदलली. बाबा उठून बसताना माझ्या गळ्याला असे लटकले की आम्ही दोघंही पडलो असतो. ते लाजले. म्हणाले, "त्याला सवय आहे, म्हणून मी भार टाकला."

संध्याकाळ. मला वाटतं आज शनिवार असल्यामुळे सगळं विस्कळीत झालं, रोज इतकं नसणार. काम काहीही झालं नाही. नवरा आला तो मोकळ्या खांद्याने, पिशवी नाही. मी विचारलं, "दिलीस?" म्हणाला, "दिली." मला इतका आनंद झाला! शेवटी सुटलं एकदाचं ते पुस्तक. मी धावत कोपऱ्यावर जाऊन केक आणला. चिंगीने टाळ्या पिटल्या. बाबा आधी केककडे, मग त्याच्याकडे बघत होते. याने एक तुकडा सावकाश खाल्ला आणि बशी धुवायला उठला. मी म्हटलं, आज तरी राहू दे. तरी धुतलीच.

मंगळवार, १९ मार्च

टाकीवाली आज सकाळी तोंड पाडून बसली होती. सुट्टीत साखरेचा पंप अडकला. पूर्ण बंद पडला असता तर यंत्र ओरडलं असतं, पण तो रडतखडत चालू राहिला, नेमून दिलेल्या साखरेतली थोडीशीच टाकीत जात राहिली. "सगळी फेरी वाया," म्हणाली. "जंतू वाढलेही नाहीत, आम्लही केलं नाही. मेलेही नाहीत मेले."

मी आपली सहज म्हणून आकडे बघायला घेतले, कारण खोट्या गळतीकडे बघण्यापेक्षा काहीही बरं होतं. जंतू जितके होते तितकेच. आम्ल जितकं होतं तितकंच. आणि टाकीत जाणारी साखर? ती मात्र पडल्या पडल्या संपत होती. शिल्लक शून्य.

"मग खाल्लेलं गेलं कुठे?" मी विचारलं.

"हवेत. गॅस बघ ना."

"पण केलं काय त्यांनी तिचं? वाढले नाहीत, काही बनवलं नाही."

"जगले," टाकीवाली म्हणाली. "अगं, आंबट टाकी आहे ती. तू तासभर बसून दाखव तिच्यात."

मी उठून उभी राहिले, मग बसले, मग पुन्हा उठले. मॉडेलमध्ये हजारो ओळींच्या तळाशी एक ओळ असते. जंतूने काहीही केलं नाही, नुसतं जिवंत राहायचं ठरवलं तरी त्याला लागणारा खर्च. आम्ही तिला देखभाल म्हणतो. तो आकडा मी कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे डोळ्यांनी रोज पाहिला होता.

बुधवार, २० मार्च

त्या आकड्याची वंशावळ काढली. मी तो घेतला आधीच्या मॉडेलमधून. त्यांनी घेतला त्याआधीच्यातून. असं मागे मागे जात शेवटी फार जुनं एक मोजमाप सापडलं. काचेचं लहान भांडं, उबदार, अजिबात आंबट नसलेलं पाणी, हवं तेवढं खायला. अशा सुखवस्तू जंतूला नुसतं जगायला किती लागतं, ते कोणीतरी इमानाने मोजलं होतं. तेव्हापासून प्रत्येकाने ते उतरवून घेतलंय. चुकीचं कोणीच वागलं नाही. तो आकडा कोणी बदलत नाही, म्हणून मीही बदलला नाही.

आमची टाकी आम्ही मुद्दाम आंबट ठेवतो, नंतर आम्ल वेगळं काढायला सोपं जावं म्हणून. जंतू आम्ल बाहेर टाकतो आणि ते झिरपून पुन्हा आत शिरतं. तो परत बाहेर टाकतो, ते परत शिरतं. दिवसभर हेच. यालाच साखर लागते. त्याच्याकडे वाट कुठली मोकळी आहे आणि कुठली बंद, हे आम्ही किती बारकाईने बघितलं! दम उरलाय का हे कुणी विचारलं नाही.

टाकीवालीला म्हटलं, तीच फेरी आता मुद्दाम कर, थोड्या थोड्या साखरेवर ठेव, नीट मोजू. ती म्हणाली, "पंप आता कुठे दुरुस्त केला, तर हिला तो बिघडलेला हवाय." पण लगेच कामाला लागली.

नवऱ्याला सगळं सांगायचं होतं, पण मी आत शिरले तेव्हा तो स्वयंपाकघरात नळ सोडून नुसता उभा होता. पातेलं भरून वाहत होतं. मी नळ बंद केला आणि विचारलं, आता पुस्तक संपलं तर पुढचं काय घेणार आहेस? "बघू," म्हणाला. कलावंतांचं असं होत असावं, मोठं काम संपलं की रिकामपण येतं. त्याला म्हटलं, एखादं छोटं काम धर, मन लागेल.

मंगळवार, २६ मार्च

मोजमाप आलं. जुन्या आकड्याच्या चौपट. चौपट! टाकीवालीने दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा तिचाही विश्वास बसला नाही.

खोटी गळती काढून टाकली. देखभालीच्या ओळीत नवा आकडा घातला. बाकी कशालाही हात लावला नाही. आणि रेघ आपण होऊन ठिपक्यांवरून गेली. किती सुंदर गेली! मी नाचायची तेवढी बाकी होते. मग मोठ्या टाकीचा हिशेब केला. मोठ्या टाकीतही तीसच. नशीब जोरावर असेल तर पस्तीस.

कात्री म्हणाला, जंतूला आंबटपणा सोसेल असा करता येईल, पण त्याला वर्ष लागेल. टाकीवाली म्हणाली, चुना घालून आंबटपणा मारता येईल, पण मग चुन्याच्या गाळाचे डोंगर होतील आणि पलीकडच्यांना तेच तर नको होतं. सगळे बोलत होते आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "गळतीवालं चित्र छान होतं," म्हणाले. "परवा तेवढंच दाखव. टाकी भरू दे. कमी आलं तर पहिली फेरी म्हणून सांभाळून घेऊ."

"पण ते खरं नाही, साहेब."

"मॉडेल कुठलं खरं असतं? तूच सांगत असतेस."

आणि खरंच, मीच सांगत असते. मला भीती वाटते आहे. टाकीत ते जंतू साखर मिळेल तेवढी जाळून तग धरणार आणि आम्ही काचेतून बघत विचारणार, अजून का होत नाही. नवऱ्यानेही विचारलं नाही, काय झालं म्हणून. तो एरवी विचारतो. जेवतानाच त्याचे डोळे मिटत होते.

गुरुवार, २८ मार्च

पलीकडची माणसं आली. तिघं होती. त्यांच्यातली प्रमुख बाई फार कमी बोलते. साहेबांनी गळतीवाला आलेख पडद्यावर लावला होता, मला फक्त उभं राहून बोट दाखवायचं होतं. मी बोट दाखवलं. मग तोंडातून निघालं, "ही रेघ मी बसवलेली आहे."

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही, पण मी सगळं सांगितलं. जुना आकडा, आंबट टाकी, चौपट. टाकीवाली मागून म्हणाली, "मोजमाप माझं आहे, विचारायचं ते मला विचारा." त्या बाईने एकच विचारलं, "म्हणजे सत्तर किलो कधीच होणार नव्हतं?"

"या जंतूकडून, या टाकीत, नाही."

"आणि तुम्ही आम्हाला सत्तर सांगितलं होतं."

"हो."

तिने वही मिटली. रागावली नाही, त्याने जास्त लागलं. मोठी टाकी भरायची नाही असं ठरलं. वर्षाने पुन्हा या म्हणाली, पण वर्ष काढायचं कसं हे तिने सांगितलं नाही आणि तिने का सांगावं? साहेबांनी पडद्यावरचा आलेख बंद केला. मग म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस. कोणीच येऊ नका. मी कळवीन." माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बरोबर केलंस हे मला कळतंय गं. पण आज मला ते म्हणायला लावू नकोस."

कात्रीने माझ्याशी बोलणं टाळलं. टाकीवालीने लहान टाकी रिकामी केली. जंतू मारायला वाफ सोडली तेव्हा मी तिथे थांबले नाही.

शुक्रवार, २९ मार्च

उरलंसुरलं सामान घेऊन आज दुपारीच घरी आले. नवरा भाजी चिरत होता. त्याला म्हटलं, संपलं. मोठी टाकी रद्द, सोमवारपासून घरी. मला वाटलं तो जवळ घेईल. मला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर.

त्याने सुरी खाली ठेवली. "म्हणजे उद्या तू घरी आहेस?"

"हो."

"सकाळी? दुपारी?"

"दिवसभर. अरे, नोकरीच राहिली नाही माझी."

"नक्की ना?"

"नक्की."

त्याने हात पुसले, आत गेला आणि पलंगावर पडला. कमरेला खोचलेलं फडकंसुद्धा काढलं नाही. मी मागोमाग गेले तोवर झोपलेला. बाहेर लख्ख ऊन, खिडकी उघडी, चिंगी त्याच्या पोटावर चढून बसली तरी हलला नाही. मला इतका राग आला! तिला उचलून बाहेर घेऊन आले.

बाबांना सूप दिलं. चमचा मी धरला होता. मी म्हटलं, "बघा ना, माझ्यावर एवढं कोसळलंय आणि हा झोपला. पुस्तक संपवून आता निवांतच आहे तो."

"कुठलं पुस्तक?" बाबा म्हणाले.

"पक्ष्यांचं. चित्रं देऊन आला ना त्या दिवशी."

"देऊन नाही गं आला. काम परत करून आला. झेपत नाही म्हणून सांगून आला. त्यांनी ते दुसऱ्या कुणाला दिलं." सूप त्यांच्या हनुवटीवर ओघळलं, ते मी पुसायचं विसरले. "तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, तो सुटला म्हणूनच तू केक आणलास."

त्या केकचा एक तुकडा त्याने माझ्यासमोर बसून खाल्ला होता.

मग बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "दिवस कसाही जातो, पोरी. रात्री मला चार चार वेळा उठवावं लागतं. मी हाक मारायची नाही असं ठरवतो. पण ओलं झालं की गार लागतं." हा माणूस कधी माझ्याशी हुकमाशिवाय बोललेला मला आठवत नाही. मी त्यांचं तोंड पुसलं. त्यांना रडू येत होतं आणि मलाही. चिंगीने दोघांकडे बघून विचारलं, "सूप तिखट आहे?"

शनिवार, ३० मार्च

रात्री त्याच्याऐवजी मी उठले. किती वेळा ते मोजलं नाही. सकाळी बाबांना वळवलं, पुसलं, गोळ्या दिल्या. चिंगीचं खाणं झालं, सांडणं झालं, पुन्हा खाणं झालं. फ्रिजवरचं वेळापत्रक काढून टाकलं. हा झोपलेलाच. दोनदा जाऊन बघून आले, श्वास चालू आहे ना. कमरेचं फडकं मी काढलं. झोपेत तो इतका बारीक दिसतो हे मला माहीत नव्हतं.

दुपार उतरायला लागली तेव्हा धडपडत बाहेर आला. "किती वाजले? बाबांची गोळी?"

"दिली."

"व्यायाम?"

"झाला. मला शिव्या घालत केला त्यांनी."

"चिंगी?"

"झोपलीय."

तो स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला. ओट्याकडे बघितलं, ओटा स्वच्छ होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "मग मी काय करू?" म्हणाला.

मी खुर्ची ओढली. तो बसला. मी त्याच्यापुढे उकडलेलं अंडं आणि पाव ठेवला. बगळ्याचं, प्रकाशकांचं, केकचं, सगळं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तो घाईघाईने खात होता, कोणीतरी हाक मारायच्या आत संपवायचं असल्यासारखा. मग हळूहळू खायला लागला. वर न बघता म्हणाला, "तुझी टाकी बंद पडली. तू किती झटलीस तिच्यासाठी. मला वाईट वाटायला हवं ना?"

"हं."

"नाही वाटत गं. काल तू सांगितलंस, आणि मला इतकं बरं वाटलं."

मला राग यायला हवा होता. मी अजून एक अंडं उकडायला ठेवलं.